घरचा डीव्हीआर बाहेरून बघायचा तर: पोर्ट फॉरवर्डिंग, पण नीट क्रमाने

पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम म्हणजे राउटरच्या पानावरची एक ओळ: बाहेरून अमुक पोर्टावर (क्रमांकाच्या दारावर) आलेली हाक घरातल्या तमुक यंत्राकडे पाठव. ती भरायला दोन मिनिटं लागतात, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. बाहेरून काही उघडत नाही. मग दुसरा पोर्ट, मग तिसरा, मग 'डीएमझेड' (बाहेरचं सगळं एकाच यंत्राकडे पाठवणं), आणि शेवटी वैतागून राउटरची फायरवॉलच बंद. रात्री अकराला मला फोन येतो तेव्हा घराची सगळी दारं सताड उघडी असतात आणि कॅमेरा तरीही दिसत नसतो.

त्या ओळीत सहसा काही चुकलेलं नसतं. चुकलेलं असतं ते तिच्या आधीचं. त्यामुळे इथे नियम भरणं थेट सहाव्या टप्प्यात येईल.

उदाहरण एकच धरू. गावाकडचं घर, तिथे फायबरचं कनेक्शन, राउटर, चार कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि एक रास्पबेरी पाय (छोटासा संगणक, पुढे नुसता 'पाय'). तुम्ही पुण्यात किंवा दुबईत. डीव्हीआरच्या जागी दुकानातला टॅलीचा संगणक किंवा फोटो ठेवायचा नॅसचा डबा असला तरी क्रम हाच. कंपनीच्या अ‍ॅपमधून क्लाउडमार्गे कॅमेरे दिसतात आणि तेवढं पुरतं, असं असेल तर ही खटपट करू नका.

एक बारीक गोष्ट: इथे आकडे मराठीत आहेत. राउटरवर टाकताना इंग्रजी आकडेच टाका.

## आधी ठरवा: कोणतं दार उघडायचं

कॅमेरेवाला येतो आणि डीव्हीआरचे पोर्ट सरळ बाहेर उघडून जातो: वेब पानासाठी ८०, व्हिडिओसाठी ५५४, शिवाय कंपनीचा स्वतःचा ८००० किंवा ३७७७७. हे करू नका. डीव्हीआरचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं अपडेट होत नाही आणि पासवर्ड अनेकदा कारखान्यातून आला तोच असतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर नेहमीच्या पासवर्डांची यादी चालवून ताब्यात घेतले होते.

'मी पोर्टाचा आकडा बदललाय, कुणाला कळणार?' हा युक्तिवाद मी दर महिन्याला ऐकतो. झेडमॅपसारखं साधन आणि एक गिगाबिटची जोडणी असेल, तर एकच संगणक एखाद्या पोर्टासाठी जगातले सगळे आयपीव्ही४ (चार आकड्यांचे इंटरनेट) पत्ते साधारण पाऊण तासात चाळतो. वेगळा आकडा ठेवल्याने नोंदवहीतला (लॉगमधला) गोंगाट कमी होतो, एवढाच फायदा.

म्हणून बाहेर एकच पोर्ट उघडायचा, आणि त्याच्यामागे डीव्हीआर नाही, तर पायवरचं वायरगार्ड हे व्हीपीएन (घरापर्यंतचा खासगी, कूटबद्ध बोगदा) ठेवायचं. फोन आधी वायरगार्डने घरात शिरेल, मग घरात असल्यासारखा डीव्हीआर उघडेल. किल्ली नसलेल्या माणसाला वायरगार्ड उत्तरच देत नाही. बाहेरून ठोठावणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

इशारा: विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ आणि फाइल शेअरिंगचा ४४५ हे दोन पोर्ट बाहेर कधीही उघडू नका. 'फक्त आजच्यापुरतं' म्हणूनही नाही.

## टप्पा १: तुम्हाला सार्वजनिक पत्ता मिळालाय का?

निम्मे लोक इथेच अडकतात आणि त्यांना ते कळतही नाही. आयपीव्ही४ पत्ते अपुरे आहेत, म्हणून अनेक नेटवाले शेकडो गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीच्या मेन गेटवर वॉचमनने पाहुण्याला अडवलं, तर तुम्ही फ्लॅटचं दार कितीही उघडं ठेवा, तो वर येणार कसा?

१. राउटरच्या पानावर जा (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१). 'स्टेटस' किंवा 'वॅन' (राउटरची बाहेरची, इंटरनेटकडची बाजू) मध्ये दिसणारा आयपीव्ही४ पत्ता कागदावर लिहा.

२. त्याच वायफायवर असताना ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' सांगणारं कुठलंही पान उघडा. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा. पानाने अक्षरं आणि कोलन असलेला लांबलचक पत्ता दाखवला तर तो आयपीव्ही६ आहे. तो सोडून चार आकड्यांचा पत्ता बघा.

३. दोन्ही पत्ते ताडून बघा.

दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर पुढे चला. वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर ते सीजीनॅट आहे. हा पट्टा २०१२ साली त्याच कामासाठी राखून ठेवला गेला. वॅनचा पत्ता १०., १९२.१६८. किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल, तर एकतर नेटवाल्यानेच खासगी पत्ता दिलाय किंवा तुमच्या घरात दोन राउटर आहेत.

सीजीनॅट निघालं तर नेटवाल्याला फोन करा. मागताना शब्द नीट वापरा. 'पब्लिक आयपी' म्हणजे बाहेरून पोचता येईल असा पत्ता. तो अधूनमधून बदलू शकतो. 'स्टॅटिक आयपी' म्हणजे न बदलणारा पत्ता, आणि त्याला सहसा जादा पैसे पडतात. आपल्याला पहिला पुरतो. पत्ता मिळाल्यावर राउटर बंद-चालू करून वरची तिन्ही कामं पुन्हा करा, कारण 'करून दिलंय सर' आणि खरोखर करून देणं यांत अंतर असतं.

तपासा: दोन पत्ते जुळले नाहीत तर दुसऱ्या टप्प्याच्या पुढे जाऊ नका. नियम शंभर वेळा भरला तरी चालणार नाही.

## टप्पा २: एकामागे एक दोन राउटर

फायबरवाला जो डबा भिंतीवर बसवतो, तो ओएनटी, बहुतेकदा स्वतःच राउटर असतो. त्याच्यामागे तुम्ही चांगल्या रेंजसाठी आणखी एक राउटर लावता. आता बाहेरून आलेली हाक पहिल्या डब्यापाशीच थांबते. तुमच्या राउटरचा वॅन पत्ता १९२.१६८.१.२ असा काहीसा दिसला की ओळखावं.

माझी पसंती ओएनटी 'ब्रिज मोड'वर टाकून घेण्याला. मग तो फक्त फायबरमधला प्रकाश वायरवर उतरवतो आणि राउटरचं काम एकटा तुमचा राउटर करतो. मात्र त्यासाठी पीपीपीओईचं (नेटवाल्याकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम आणि पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरावा लागतो. तो नेटवाल्याकडून आधी लेखी घ्या, मगच ब्रिज करायला सांगा. उलट क्रमाने केलंत तर घरचं नेट जातं आणि मदत मागायलाही नेट उरत नाही.

ब्रिज जमत नसेल तर नियम दोन्हीकडे भरा: ओएनटीवरून तुमच्या राउटरकडे, तुमच्या राउटरवरून पायकडे. चालतं, पण पुढे काही बिघडलं की शोधायच्या जागा दुप्पट.

## टप्पा ३: घरातले पत्ते पक्के करा

आधी घरच्या नेटवर्कचा पट्टा बदला. पुष्कळ राउटर १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० हाच पट्टा घेऊन येतात. तुमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्येही तोच असतो. उद्या तिथून वायरगार्डने गावच्या १९२.१६८.१.२० वरचा डीव्हीआर मागितलात, की लॅपटॉप तो आकडा फ्लॅटमध्येच शोधत बसतो. वायरगार्ड जोडलेलं दिसतं, पण कॅमेरा उघडत नाही, आणि दोन दिवस जातात. गावच्या राउटरच्या 'लॅन' (घरातलं नेटवर्क) सेटिंगमध्ये १९२.१६८.५७.१ असा सहसा कुणाकडे नसलेला पट्टा टाका. हे काम आत्ताच करा. नंतर केलंत तर सगळे पत्ते पुन्हा भरावे लागतात.

मग राउटरच्या 'डीएचसीपी' (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा. उपकरणाचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक) देऊन त्याला कायमचा आयपी बांधून द्यायचा. आपल्या उदाहरणात पायला १९२.१६८.५७.१० आणि डीव्हीआरला १९२.१६८.५७.२०. हे केलं नाही तर वीज गेल्यावर पायला नवा पत्ता मिळू शकतो आणि तुमचा नियम टीव्हीच्या दारावर टकटक करू लागतो.

पायला शक्यतो केबलने जोडा. वायफाय आणि केबल यांचे मॅक पत्ते वेगळे असतात. एकाचं रिझर्व्हेशन दुसऱ्याला लागू होत नाही.

इशारा: डीव्हीआरमध्ये आयपी हाताने भरलेला असेल तर 'गेटवे'ची (बाहेर जायच्या दाराची, म्हणजे राउटरच्या पत्त्याची) जागा बघा. कॅमेरेवाल्याने ती रिकामी किंवा जुन्या राउटरच्या पत्त्यावर सोडलेली असते. घरातून डीव्हीआर व्यवस्थित दिसतो, कारण घरातल्या घरात बोलायला गेटवे लागत नाही. बाहेरच्याला उत्तर द्यायची वेळ आली की मात्र उत्तर कुठून पाठवायचं हे त्याला कळत नाही.

## टप्पा ४: घरात बसून सेवा चालवून बघा

घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून १९२.१६८.५७.२० उघडा. डीव्हीआरचं पान यायला हवं. ज्या मशीनवर सेवा चालते त्याच मशीनवरून बघितलेलं धरू नका. पुष्कळ कार्यक्रम मुळात १२७.०.०.१ या पत्त्यावरच ऐकत असतात, म्हणजे फक्त स्वतःचंच ऐकतात. त्यांना लॅनच्या पत्त्यावर किंवा ०.०.०.० वर ऐकायला सांगावं लागतं.

विंडोजच्या संगणकावर सेवा असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल आहे हे विसरू नका. नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल तर बरंच काही अडतं; घरच्या नेटवर्कला 'प्रायव्हेट' करा आणि हव्या त्या पोर्टासाठी 'इनबाउंड' नियम द्या. विंडोज पिंगला उत्तर देत नाही म्हणून मशीन बंद आहे असं समजू नका, ते अनेकदा मुद्दाम गप्प असतं.

## टप्पा ५: पायवर वायरगार्ड

काही नव्या राउटरांत वायरगार्ड सर्व्हर आधीच असतो. तुमच्यात असेल तर तोच वापरा, पाय लागणार नाही, आणि सहावा टप्पाही वाचतो. नसेल तर पायवर बसवा. बसवण्याचं तपशीलवार वर्णन कुठेही मिळेल. लोक जिथे चुकतात तेवढ्याच जागा मी सांगतो.

किल्ल्या. दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन किल्ल्या: खासगी आणि सार्वजनिक. खासगी किल्ली स्वतःच्या मशीनवर राहते, सार्वजनिक समोरच्याला द्यायची. यांची अदलाबदल ही सर्वांत नेहमीची चूक. प्रत्येक फोनला वेगळी जोडी करा. एक फोन हरवला तर तेवढीच नोंद पुसता येते.

पत्ते. बोगद्यासाठी घरच्या पट्ट्याहून वेगळा पट्टा घ्या: पायला १०.८.०.१, फोनला १०.८.०.२.

अलाउड आयपीज. म्हणजे कोणते पत्ते बोगद्यातून जायचे ती यादी. फोनच्या बाजूला इथे १०.८.०.०/२४ आणि १९२.१६८.५७.०/२४ एवढंच लिहा (/२४ म्हणजे अख्खा पट्टा, /३२ म्हणजे एकच पत्ता). नमुन्यातलं ०.०.०.०/० तसंच ठेवलंत, तर फोनचं यूट्यूबसकट सगळं इंटरनेट गावच्या घरातून फिरून येईल. पायच्या बाजूला मात्र त्या फोनपुढे फक्त १०.८.०.२/३२. दोन फोनांना एकच पत्ता दिला की एक चालतो, दुसरा मुका होतो.

पुढे पाठवणं. पायपर्यंत पोचलात, पण डीव्हीआर दिसत नाही? पायवरचं लिनक्स मुळात एका बाजूचं पॅकेट (डेटाचा तुकडा) दुसऱ्या बाजूला ढकलत नाही. त्यासाठी 'आयपी फॉरवर्ड'ची किंमत १ करावी लागते, आणि तीही कायमची, फाइलमध्ये. शिवाय 'मास्करेड' लावा. नाहीतर डीव्हीआरला विनंती १०.८.०.२ कडून आलेली दिसते, तो उत्तर राउटरकडे देतो, आणि राउटरला हा पट्टा कोणाचा ते ठाऊक नसतं. मास्करेडमुळे डीव्हीआरला वाटतं की शेजारचा पायच विचारतोय.

तपासा: फोन घरच्याच वायफायवर ठेवून, वायरगार्डच्या 'एंडपॉइंट'मध्ये (समोरच्याचा पत्ता आणि पोर्ट) १९२.१६८.५७.१०:५१८२० टाका आणि जोडून बघा. पायवर 'डब्ल्यूजी शो' दिल्यावर 'लेटेस्ट हँडशेक' (दोन्ही बाजूंची शेवटची ओळख पटल्याची वेळ) दिसायला हवं. ते नसेल तर चूक किल्ल्यांत किंवा पायच्या फायरवॉलमध्ये आहे. राउटरला हात लावू नका.

## टप्पा ६: आता तो नियम

राउटरमध्ये याला कुठे 'पोर्ट फॉरवर्डिंग', कुठे 'व्हर्च्युअल सर्व्हर' म्हणतात. काहींत ते 'नॅट' किंवा 'अ‍ॅडव्हान्स्ड' खाली दडलेलं असतं. भरायचं ते इतकंच:

१. एक्स्टर्नल पोर्ट: ५१८२०
२. इंटर्नल आयपी: १९२.१६८.५७.१०
३. इंटर्नल पोर्ट: ५१८२०
४. प्रोटोकॉल: यूडीपी

चौथ्या जागी चूक होते. टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती. यादीत पहिला पर्याय टीसीपी असतो आणि तो तसाच राहतो. वायरगार्ड फक्त यूडीपी बोलतं. ओएनटीवर नियम भरत असाल तर 'वॅन कनेक्शन' निवडायची आणखी एक जागा असते; तिथे इंटरनेटचं कनेक्शन निवडा, कारण यादीत फोनसाठीचं किंवा नेटवाल्याच्या देखभालीचंही कनेक्शन असू शकतं. नियम 'एनेबल' झालाय ना आणि पान 'सेव्ह' केलंय ना, हे बघा.

इशारा: डीएमझेड चालू केलं असेल तर बंद करा, त्याने बाहेरचं सगळंच एका यंत्रावर येऊन आदळतं. यूपीएनपीही बंद करा, म्हणजे घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता स्वतःसाठी दार उघडणार नाही. कॅमेरेवाल्याचे जुने नियम यादीत असतील तर तेही आजच पुसा.

## टप्पा ७: चाचणी बाहेरूनच

फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा. 'एंडपॉइंट'मध्ये आता पहिल्या टप्प्यात लिहून ठेवलेला सार्वजनिक पत्ता टाका, पुढे :५१८२०.

घरच्या वायफायवरून सार्वजनिक पत्ता उघडून 'चालत नाही' म्हणू नका. आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणं, ज्याला हेअरपिन म्हणतात, ते पुष्कळ राउटरांना जमत नाही.

पोर्ट तपासणाऱ्या वेबसाइटवरही भरवसा ठेवू नका. त्या टीसीपी तपासतात, आणि वायरगार्ड अनोळखी पॅकेटला उत्तर देत नाही. सगळं नीट असतानाही त्या 'बंद' दाखवतात. खरं कळायचं तर पायवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) चालू करून यूडीपी ५१८२० वर लक्ष ठेवा आणि फोनवरून जोडणी करा.

पॅकेट आलंच नाही, तर अडचण राउटरवर किंवा पॅकेट तिथे पोचायच्याही आधी: टप्पा १, २ आणि ६ पुन्हा बघा. पॅकेट येतंय पण हँडशेक नाही, तर किल्ल्या. हँडशेक आहे पण डीव्हीआर नाही, तर आयपी फॉरवर्ड, मास्करेड किंवा पट्ट्यांची टक्कर. माझा अनुभव असा की टीसीपीडम्पची दोन मिनिटं अंदाजाचे दोन तास वाचवतात.

कॅमेरा दिसतो पण अडखळतो, असं झालं तर गावच्या कनेक्शनचा अपलोड वेग बघा आणि डीव्हीआरमध्ये 'सब-स्ट्रीम' (कमी दर्जाचं, हलकं चित्र) निवडा.

## टप्पा ८: बदलत्या पत्त्याला नाव

पत्ता स्टॅटिक नसेल तर राउटर बंद-चालू झाल्यावर तो बदलू शकतो. डकडीएनएस किंवा नो-आयपी यांसारख्या सेवेत एक नाव घ्या आणि ते ताजं ठेवायचं काम राउटरला किंवा पायला द्या. नो-आयपीचं फुकटचं नाव दर ३० दिवसांनी पुन्हा मंजूर करावं लागतं. ते ईमेल दुर्लक्षून नंतर 'वायरगार्ड बिघडलं' म्हणणारे भेटतात. फोनवरचं वायरगार्ड नावाचा पत्ता जोडताना एकदाच शोधतं, त्यामुळे पत्ता बदलला की अ‍ॅपमध्ये बोगदा बंद करून पुन्हा चालू करा.

## सार्वजनिक पत्ता मिळतच नसेल तर

दोन वाटा आहेत. पहिली, आयपीव्ही६. तुमच्या कनेक्शनवर ते असेल तर पायला स्वतःचाच सार्वजनिक पत्ता असतो. फॉरवर्डिंगची गरज नाही, राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या पत्त्याला यूडीपी ५१८२० ची मुभा द्यायची. भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ बहुधा मिळतं, पण ऑफिसच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर नसलं तर हा रस्ता बंद.

दुसरी, उलटी वाट. भाड्याने एक छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा, सार्वजनिक पत्ता असलेला सर्व्हर) घ्या, वायरगार्डचा सर्व्हर तिथे ठेवा, आणि पायने स्वतःहून बाहेर जाऊन त्याला जोडून घ्यायचं. आतून बाहेर जाणारं पॅकेट सीजीनॅट अडवत नाही. पायच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर मधली वाट थोड्या वेळात मिटते. हेच दूरच्या संगणकावर लॉगिन करायच्या एसएसएचच्या उलट्या फॉरवर्डिंगनेही होतं. तिथे उघडलेला पोर्ट व्हीपीएसच्या १२७.०.०.१ वरच दिसतो, कारण 'गेटवेपोर्ट्स' हे सेटिंग मुळात बंद असतं. ते बंदच राहू द्या. स्वतः एसएसएचने व्हीपीएसवर जाऊन तो पोर्ट वापरा.

इथे एक खोडी आहे. जुन्या पायमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज आल्यावर त्याची वेळ मागे असते, आणि आधीपेक्षा जुन्या वेळेचा हँडशेक वायरगार्ड नाकारतं. इंटरनेटवरून वेळ जुळली की आपोआप सुरळीत होतं. तेवढी मिनिटं थांबा, सेटिंग बदलू नका.

## शेवटची चाचणी: मेन स्विच

सगळं चाललं की लगेच निघू नका. घरातल्यांना सांगून मेन स्विच बंद करा, दहा मिनिटांनी चालू करा, आणि कशालाही हात न लावता मोबाइल डेटावरून कॅमेरा उघडा. वायरगार्ड आपोआप सुरू होतं का, आयपी फॉरवर्ड टिकलं का, पायला १० आणि डीव्हीआरला २० मिळाला का, नावाने नवा पत्ता उचलला का, हे सगळं एकदम कळतं. गावात वीज जातेच. ती पहिल्यांदा जाईल तेव्हा तुम्ही तिथे नसाल.

मग एका कागदावर राउटरचा पत्ता, रिझर्व्हेशन, नियमाची ओळ आणि पीपीपीओईचं युजरनेम लिहा. पासवर्ड नको. तो कागद डीव्हीआरच्या डब्यात चिकटवा आणि घरच्यांना दाखवून ठेवा. पुढच्या खेपेला फायबरवाला येऊन ओएनटी बदलून जाईल, तेव्हा फोनवरून त्यांना तोच वाचून दाखवायला सांगायचं आहे.